डेटा-प्रवाह संगणन

अखंड येणारी माहिती आधी साठवून मग तपासण्याऐवजी, ती येता येताच तिच्यावर प्रक्रिया करणारी संगणन-प्रारूपे. बँकेचे व्यवहार, दूरध्वनी जाळ्यातील नोंदी, संवेदकांची मापने यांना शेवट नसतो. म्हणून प्रत्येक नोंद एकदाच वाचायची आणि तीही तोकड्या स्मृतीत, ही येथील मूळ अट. या अटीत अचूक उत्तर बहुधा हाती लागत नाही. किती चूक चालेल, हे आधीच ठरवावे लागते.

या विचाराचा सर्वांत देखणा नमुना जुनाच आहे : बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस यांचा 1978 मधील गणक. 8 बिटांत एरवी 255 पर्यंतच मोजता येते. मॉरिस यांनी संख्येऐवजी तिचा अंदाजे लॉगरिदम साठवला. सोप्या रूपात सांगायचे, तर गणकावर 10 असताना नवी घटना घडली की नाणे दहा वेळा उडवायचे. दहाही वेळा छापा आला तरच 11 करायचे. गणकावरचे 10 म्हणजे मग सुमारे हजार घटना.

नोगा अलोन, योसी मटियास व मारिओ सेगेदी यांच्या 1996 च्या निबंधाने या क्षेत्राला सैद्धांतिक पाया दिला; त्याला 2005 चे गोडेल पारितोषिक मिळाले. फिलिप फ्लाजोले व सहकाऱ्यांची हायपरलॉगलॉग पद्धत (2007) दीड किलोबाइट स्मृतीत अब्जाहून अधिक वेगवेगळ्या नोंदींची संख्या सुमारे 2 टक्के चुकीने सांगते.

प्रवाहातील नोंदी मोजण्यापेक्षा त्यांवरून संगणकाने शिकणे अवघड. पेद्रो डोमिंगोस व जेफ हल्टन यांचा निर्णयवृक्ष (2000) पुरेशी उदाहरणे दिसेपर्यंत नवी फांदी फोडत नाही. ‘पुरेशी’ म्हणजे किती, हे हॉफडिंग यांच्या 1963 मधील गणिती असमानतेवरून ठरते. पण प्रवाहच पालटला तर? मार्च 2020 च्या टाळेबंदीत खरेदीच्या सवयी रातोरात बदलल्या आणि जुन्या व्यवहारांवर बेतलेले अंदाज कुचकामी ठरले. अल्बर्ट बिफेट व रिकार्ड गावाल्दा यांची ॲडविन पद्धत (2007) अलीकडच्या नोंदींची खिडकी राखते. तिच्या जुन्या व नव्या भागांच्या सरासरीत लक्षणीय तफावत दिसली, की जुना भाग टाकून देते.

स्टॉर्म, फ्लिंक यांसारख्या प्रवाह-प्रक्रिया प्रणालींच्या वेगाचा बराच गाजावाजा होतो. खरी अडचण उशिरा पोहोचणाऱ्या नोंदींची आहे : रेंज नसलेल्या मोबाइलवरील घटना तासाभरानेही येऊ शकते. गूगलच्या अभियंत्यांनी 2015 मध्ये मांडलेले डेटाफ्लो प्रारूप घटना घडल्याची वेळ आणि तिच्यावर प्रक्रिया झाल्याची वेळ वेगळी धरते. उशिरा आलेली नोंद सोडून द्यायची की दिलेले उत्तर दुरुस्त करायचे, हा निर्णय मात्र ते वापरणाऱ्यावर सोपवते.