मॉर्गनची बाजू

आर्थर राजाची गोष्ट आपल्याकडं बहुतेकांना शाळेतल्या इंग्रजी पुस्तकातून माहीत झालेली असते. दगडात रुतलेली तलवार, गोल मेजाभोवती बसणारे सरदार, मर्लिन जादूगार, आणि राजाच्या वाईटावर टपलेली चेटकीण बहीण मॉर्गन. राणी ग्विनिव्हिअर नवऱ्याला फसवते, मॉर्गन भावाला फसवते, आणि या दोघींच्या पायी सोन्यासारखं राज्य बुडतं. राज्य बुडालं की खापर फोडायला बाईचं डोकं हवंच. ही रीत तिकडंही आहे आणि इकडंही.

१९८३ साली अमेरिकेत मेरियन झिमर ब्रॅडली यांची ‘द मिस्ट्स ऑफ ॲव्हलॉन’ ही कादंबरी आली. आठशेहून जास्त पानांचा ठोकळा. यात गोष्ट सांगते ती मॉर्गन. ब्रॅडली तिला मॉर्गेन म्हणतात. ती ॲव्हलॉन बेटावरच्या देवीची पुजारीण आहे. लढाया पडद्यामागं होतात. आपण वाचतो ते आई, मावशी, बहीण, सून यांच्या खोल्यांतलं बोलणं. आर्थर राजा होतो तो या बायकांनी ठरवलेलं असतं म्हणून. मर्लिन हे नाव नसून देवीच्या जुन्या धर्मातलं एक पद आहे. ग्विनिव्हिअर इथं भाविक, भित्री, मूल होत नाही म्हणून झुरणारी ख्रिस्ती राणी आहे. तिच्याच हट्टापायी आर्थर बापजाद्यांचं ड्रॅगनचं निशाण टाकून क्रूसाचं निशाण घेतो. जुना धर्म मागं सरतो आणि ॲव्हलॉन हळूहळू धुक्यात दिसेनासं होतं.

पुस्तक तुफान खपलं. याआधीही काहींनी राणीच्या तोंडून गोष्ट सांगितली होती. गिलियन ब्रॅडशॉ यांच्या ‘इन विंटर्स शॅडो’ या १९८२च्या कादंबरीत निवेदन राणीचंच आहे. पुढं पर्शिया वूली, फे सॅम्पसन यांनीही ही वाट धरली. पण वाचणाऱ्या बायकांच्या मनात घर केलं ते ब्रॅडली यांच्या मॉर्गेननं. हे तर खरं घडलेलं, पुरुषांनी दडपून ठेवलेलं होतं, असं अनेकींना वाटलं. मला इथं थांबून जुने कागद उलगडून बघावेसे वाटतात.

मॉर्गनचं सगळ्यात जुनं स्पष्ट चित्र सापडतं ते सुमारे ११५० सालच्या एका लॅटिन काव्यात. मॉन्मथच्या जेफ्रीनं लिहिलेलं हे मर्लिनचं चरित्र. त्यात मॉर्गेन नऊ बहिणींतली सगळ्यात जाणती आहे. सफरचंदांच्या बेटावर राहते, वनस्पतींचे गुण तिला ठाऊक आहेत, रूप पालटता येतं, बहिणींना गणित-ज्योतिष शिकवते. जखमी आर्थरला तिच्याकडं आणतात तेव्हा ती त्याला सोन्याच्या पलंगावर निजवते, जखम बघते आणि म्हणते, बराच काळ माझ्याकडं राहिला तर बरा करीन. म्हणजे ही वैद्य आहे. चेटकीण नाही, आर्थरची वैरीणही नाही.

जेफ्रीच्या अकराशे वर्षं आधी पोम्पोनिअस मेला या रोमन भूगोलकारानं ब्रिटनीजवळच्या एका बेटावरच्या नऊ कुमारी पुजारणींबद्दल लिहून ठेवलंय. त्या वादळ उठवतात, रूप बदलतात, असाध्य रोग बरे करतात, अशी त्यांची ख्याती. नऊचा आकडा आणि अंगचे गुण इतके जुळतात की जेफ्रीपर्यंत हे कुठून तरी झिरपत आलं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात.

मग ही वैद्य चेटकीण झाली कधी? बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रेतियाँ द त्रुआ या फ्रेंच कवीनं तिला आर्थरची बहीण केलं, पण औषध देणारी म्हणूनच ठेवलं. तेराव्या शतकातल्या फ्रेंच गद्य कथांत ती बिघडत गेली. शेवटी टॉमस मॅलरीनं तुरुंगात बसून सगळ्या कथा इंग्रजीत एकत्र केल्या. १४८५ साली कॅक्स्टननं ते पुस्तक छापलं. त्यात मॉर्गन भावाची तलवार चोरते, त्याला मारायचा कट करते, जिच्यामुळं जखमेतून रक्त वाहत नाही अशी ती म्यान तळ्यात फेकते. गंमत बघा, त्याच मॅलरीच्या शेवटच्या पानांत मरणाऱ्या आर्थरला न्यायला नाव येते, तिच्यात काळ्या वस्त्रांतल्या राण्या असतात आणि त्यांत मॉर्गनही असते. सबंध पुस्तकभर वैर करणारी बाई शेवटी भावाला बेटावर घेऊन जाते. जुनी वैद्य पुरती पुसली गेली नव्हती. कथा अशाच असतात. वरून कितीही रंग द्या, खालचा गिलावा कुठं तरी दिसतोच.

एकोणिसाव्या शतकात निवाडा ग्विनिव्हिअरचा झाला. १८५९ साली टेनिसननं आर्थरकथेवरची चार काव्यं काढली. चारींना नावं बायकांची. दोघी निष्ठावान, दोघी कलंकित. त्याची राणी नवऱ्याच्या पायाशी जमिनीवर पडून असते आणि आर्थर तिला तिचं पाप ऐकवून वर क्षमा करतो. त्याच्या एकच वर्ष आधी, १८५८ला, विल्यम मॉरिसनं मात्र तिला न्यायसभेत उभं केलं आणि तिची बाजू तिच्याच तोंडून मांडू दिली होती. म्हणजे बाजू मांडायची सुरुवात १९८३च्या शंभर-सव्वाशे वर्षं आधी झाली होती, आणि तीही एका पुरुषाच्या लेखणीतून.

आता इतिहासाचं बोलू. आर्थर झाला असलाच तर इसवी सन ५००च्या आगंमागं. त्या काळाबद्दल लिहिणारा गिल्डास त्याचं नावच घेत नाही. ८२९-३०च्या सुमाराच्या ‘हिस्टोरिया ब्रिटोनम’मध्ये तो बारा लढाया जिंकणारा सेनानी म्हणून येतो, आणि त्यातल्या एका लढाईत तो खांद्यावर मरियमची प्रतिमा वागवतो. रोमन फौजा ४१०च्या सुमाराला ब्रिटनमधून गेल्या, त्याआधी शंभर वर्षं साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली होती. आर्थरच्या बाजूचे ब्रिटन पुढारी तोवर बहुतांशी ख्रिस्ती झालेले होते. जुन्या देवांना मानणारे होते ते समुद्रापलीकडून आलेले सॅक्सन, म्हणजे त्याचे शत्रू. कादंबरीत हे जवळजवळ उलटं झालंय.

आणि जगभर एके काळी स्त्रीसत्ता होती, एकच महामाता देवी होती, तिचा धर्म गुपचूप टिकून राहिला, हा जो समज पुस्तकाच्या तळाशी आहे, तो विसाव्या शतकातला. मार्गारेट मरे यांनी १९२१ साली चेटकिणींचा गुप्त धर्म मांडला, रॉबर्ट ग्रेव्हजनं १९४८ साली शुभ्र देवीची कल्पना रंगवली. रोनाल्ड हटन या इतिहासकारानं १९९९ साली दाखवून दिलं, की आजचा पेगन धर्म जिवंत असला तरी जुना नाही, तो अलीकडं घडलाय. ‘पेगन’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ खेड्यातला माणूस. गावंढळ म्हणा ना.

मला सगळ्यात खुपलं ते जोगिणींच्या मठांचं चित्र. कादंबरीत बराच वेळ मठ म्हणजे अंधार, कोंडवाडा. पण मॅलरीची मॉर्गन विद्या शिकते कुठं? मठातच. बापाघरी आणि सासरी जे अक्षर मिळत नव्हतं ते मुलींना मठात मिळत होतं. इंग्लंडात ६६४ साली व्हिटबीला धर्मसभा भरली ती हिल्ड या मठाधिपती बाईच्या मठात, आणि तिच्या हाताखाली भिक्षूही होते. आर्यिकांच्या पायाशी बसून बायका वाचायला शिकल्या, हे मी लहानपणापासून ऐकत, बघत आलेय. संसार सोडणं म्हणजे नेहमी हरणंच असतं असं नाही. न्यायानं सांगायचं तर ब्रॅडलींनाही हे शेवटी उमगलेलं दिसतं. म्हातारी मॉर्गेन ग्लॅस्टनबरीच्या मठात जाते, तिथं संत ब्रिजिडला पुजणाऱ्या जोगिणी बघते, आणि आपली देवी इथं नाव बदलून राहिलीय हे ओळखते. आयर्लंडात ब्रिजिड नावाची देवीही होती आणि संतही आहे. पुस्तकातली ही पानं मला सगळ्यात खरी वाटतात.

‘आधीच्यांनी चुकीचं सांगितलं, खरं आम्ही सांगतो’ ही कथा सांगण्याची फार जुनी तऱ्हा आहे. विमलसूरींचं ‘पउमचरिय’ महाराष्ट्री प्राकृतातलं, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या घरचं. त्यात श्रेणिक राजा गौतम गणधरांना विचारतो, की कुंभकर्ण सहा सहा महिने झोपायचा म्हणतात, हे कसं पटावं? मग रामकथा नव्यानं सांगितली जाते. तिथली सीता दिव्यानंतर रामाकडं परतत नाही, धरणीच्या पोटातही जात नाही. केस उपटून दीक्षा घेते. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’नं १९६७ साली गांधारी, कुंती, द्रौपदी यांच्याकडं नव्यानं बघितलं, पण हाताशी महाभारताची चिकित्सक आवृत्ती ठेवून. गोष्ट कुठं संपते आणि आपला तर्क कुठं सुरू होतो, हे त्या वाचणाऱ्याला कळू देतात. ब्रॅडली कादंबरीकार, त्यांच्यावर ते बंधन नाही. ते काम मग वाचणारीला करावं लागतं.

आता शेवटची गोष्ट, जी सांगायला जड जाते. ब्रॅडली १९९९ साली वारल्या. २०१४ साली त्यांच्या मुलीनं जाहीरपणे सांगितलं, की लहानपणी आईनं आपल्यावर लैंगिक अत्याचार केले. ब्रॅडली यांचे पती मुलांवरच्या अत्याचारांसाठी दोषी ठरून तुरुंगात गेले होते, आणि १९९३ साली तिथंच वारले. मुलीचं बोलणं बाहेर आल्यावर एका ब्रिटिश प्रकाशनसंस्थेनं ब्रॅडलींच्या ई-पुस्तकांचं उत्पन्न बालकांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं. कित्येक बायकांनी, ज्यांना या पुस्तकानं एके काळी बळ दिलं होतं, ते कपाटातून काढून टाकलं.

पुस्तक वाईट म्हणून टाकावं का, की माणूस वेगळा नि पुस्तक वेगळं म्हणून ठेवावं, यावर पुष्कळ वाद झाला. मला विचाराल तर मी ठेवलंय. पण त्यातली ती वसंतातल्या विधीची पानं, जिथं मोठ्या बायका कोवळ्या मुलीला तिच्या नकळत भावाच्या शेजेवर पाठवतात आणि ते देवीचं काम म्हणतात, ती आता पहिल्यासारखी वाचता येत नाहीत. पूर्वी तिथं प्राचीन गूढ दिसायचं. आता दिसते ती एक पोर, जिला कुणी विचारलं नाही.

जिचं कुणी ऐकलं नाही तिचं ऐका, हेच तर हे पुस्तक आठशे पानं सांगतं. ते मॉर्गनला लागू असेल, तर लिहिणारीच्या लेकीलाही लागू आहे. तिची बाजू आधी.