मागचा दिवा कोणासाठी?

जुन्या पद्धतीच्या काळ्या सायकलीचं मागचं मडगार्ड कधी नीट पाहिलंय? सायकल दूधवाल्याची असो, पोस्टमनची असो की आजोबांची, मडगार्डचा शेवटचा वीतभर तुकडा पांढरा रंगवलेला असतो. बाकी सगळी सायकल काळी आणि शेपूट तेवढं पांढरं. लुधियाना, सोनिपत, चेन्नई इथल्या कारखान्यांतून अशा सायकली वर्षानुवर्षं बाहेर पडल्या. बहुतेकांना तो पट्टा म्हणजे कंपनीची हौस वाटते. पण तो एका जुन्या भांडणातून उरला आहे. भांडण इंग्लंडातलं, कित्येक वर्षं चाललेलं. मुद्दा एवढाच होता: अंधारात सायकलवाल्यानं स्वतःला दाखवायचं, की मागून येणाऱ्या मोटारवाल्यानं बघायचं?

आज सायकलला दिवा घ्यायला मोबाईल उघडला की ‘१००० लुमेन’, ‘सात मोड’, ‘यूएसबी चार्जिंग’ असा मारा सुरू होतो. दिवा कशासाठी हवा, हे कोणी विचारत नाही. रस्ता दिसावा म्हणून, की आपण दिसावं म्हणून? ही दोन वेगळी कामं आहेत आणि सायकलच्या दिव्याचा इतिहास या दोन कामांच्या गल्लतीनं भरलेला आहे.

सुरुवातीचे दिवे रॉकेलचे. बर्मिंगहॅममध्ये जोसेफ लुकस नावाचा माणूस हातगाडीवर रॉकेल विकायचा. मग तो दिवे बनवायला लागला आणि १८७९च्या सुमारास त्यानं ‘किंग ऑफ द रोड’ नावाचा सायकलचा कंदील काढला. तेव्हाच्या सायकलचं पुढचं चाक माणसाच्या छातीपर्यंत यायचं. हा कंदील त्या चाकाच्या आत, स्पोकच्या मधोमध, हबला टांगलेला असायचा. पुढच्या कंदिलांना बाजूला रंगीत काचा आल्या, उजवीकडे हिरवी आणि डावीकडे लाल, थेट जहाजासारख्या. ‘रस्त्याचा राजा’ हे नाव जरा जास्तच होतं. वातीच्या त्या उजेडात खड्डा दिसायचा तो चाक खड्ड्यात गेल्यावर.

पण कायद्याला खड्ड्याशी देणंघेणं नव्हतं. १८८८ साली ब्रिटिश पार्लमेंटनं स्थानिक कारभाराचा एक मोठा कायदा केला आणि त्याच्या ८५व्या कलमात सायकलला ‘गाडी’ ठरवून टाकलं. सायकलवाल्यांना हवा होता तो दर्जा मिळाला, सोबत अटीही आल्या. सूर्यास्तानंतर एका तासापासून सूर्योदयाच्या एक तास आधीपर्यंत पुढे पेटता दिवा हवा. कशासाठी? तर सायकल येते आहे आणि ती कुठे आहे, हे इतरांना कळावं म्हणून. चालवणाऱ्याला रस्ता दिसावा, असं त्या कलमात कुठेही नाही. दिवा म्हणजे डोळ्यांनी ऐकायची घंटी.

गंमत म्हणजे त्या काळी बऱ्याच भागांत घोडागाडीला दिव्याची सक्ती नव्हती. सायकलवाला आपला मिणमिणता कंदील सांभाळत जाणार आणि समोरून काळोखात अख्खी गवताची गाडी येऊन उभी राहणार. सायकलवाल्यांनी याबद्दल आरडाओरडा केला. दिवे लावायचे तर सगळ्यांनीच लावा, ही त्यांची मागणी. रस्त्यावरच्या जवळपास सगळ्या गाड्यांना दिवा लागू करणारा कायदा आला तो १९०७ साली, म्हणजे १९ वर्षांनी.

मधल्या काळात कार्बाइडचा दिवा आला. कॅल्शियम कार्बाइड स्वस्तात बनवायची विजेची भट्टी १८९०च्या दशकात सापडली आणि दहाएक वर्षांत ते सायकलच्या हँडलवर येऊन बसलं. हे तेच कार्बाइड, जे आपल्याकडे आंबे पिकवायला चोरून वापरतात. दिव्याच्या वरच्या कप्प्यात पाणी, खालच्यात कार्बाइडचे खडे. थेंब थेंब पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि तो पेटवला की पांढरीशुभ्र ज्योत. रॉकेलच्या पिवळ्या मिणमिणीनंतर हा उजेड चमत्कारच होता. पहिल्यांदाच सायकलवाल्याला रस्ता दिसला. मात्र पाण्याचा थेंब कमीजास्त झाला तर दिवा विझायचा किंवा भडकायचा, लसणासारखा वास यायचा आणि घरी आल्यावर आतला चुन्याचा चिखल खरवडून काढावा लागायचा.

विजेच्या दिव्याची सगळ्यात रंगतदार गोष्ट जपानमध्ये घडली. ओसाकाच्या सायकलच्या दुकानात पोरवयात नोकरी केलेला कोनोसुके मात्सुशिता पुढे विजेचं छोटंमोठं सामान बनवू लागला. रात्री सायकलवरून जाताना त्याचा मेणबत्तीचा दिवा वाऱ्यानं सारखा विझायचा. बॅटरीचे दिवे बाजारात होते, पण ते दोन-तीन तासांत मान टाकायचे. सहा महिने खटपट करून, शंभरएक नमुने बनवून त्यानं १९२३ साली बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा दिवा काढला. तो ३० तासांहून जास्त चालायचा. घाऊक व्यापाऱ्यांनी नाक मुरडलं, कारण बॅटरीच्या दिव्यांवरचा लोकांचा विश्वासच उडाला होता. मग मात्सुशितानं थेट सायकलच्या दुकानांत दिवे नेऊन ठेवले, तेही पेटते. तो म्हणाला, किती तास चालतो ते तुम्हीच बघा आणि पटलं तर पैसे द्या. १९२७ साली त्यानं चौकोनी दिवा आणला, १०,००० नग फुकट वाटले आणि त्याला नाव दिलं ‘नॅशनल’. आपल्याकडे ज्यांच्या घरी ‘नॅशनल पॅनासोनिक’चा टेपरेकॉर्डर होता, त्यांच्या घरात सायकलच्या दिव्याचं आडनाव नांदत होतं.

युरोपनं दुसरी वाट धरली, डायनॅमोची. बॉशनं सायकलची दिवाबत्ती १९२३मध्येच बाजारात आणली होती. टायरला घासत फिरणारी ती बाटली तुमच्या आईवडिलांना नक्की आठवत असेल. चढावर तिचं ओझं पायात जाणवायचं, पावसात ती टायरवरून घसरायची आणि सायकल थांबली की दिवा गुल. सगळा हिशेब ६ व्होल्ट आणि ३ वॅटचा: पुढच्या दिव्याला २.४, मागच्याला ०.६. म्हणून पुढचा बल्ब उडाला की त्याच्या वाटणीची वीज मागच्यावर यायची आणि तोही उडायचा. उडालेला मागचा दिवा चालवणाऱ्याला दिसत नाही, हे लक्षात ठेवा. आता भांडण त्याच्यावरून आहे.

मोटारी वाढल्या, वेग वाढला आणि सायकलला मागेही लाल दिवा हवा, अशी मागणी इंग्लंडमध्ये जोर धरू लागली. विरोधात उभी राहिली खुद्द सायकलवाल्यांची संघटना, सायकलिस्ट्स टूरिंग क्लब. १९२० ते १९४५ अशी पंचवीस वर्षं तिचे सचिव होते जी. एच. स्टॅन्सर. सायकलवालेच दिव्याच्या विरोधात, हे आज वेड्यासारखं वाटतं. पण त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. आजवर नियम असा होता की मागून येणाऱ्यानं पुढच्याला सांभाळायचं. आपल्या दिव्यात जेवढं दिसतं तेवढ्यात गाडी थांबवता आली पाहिजे, त्याहून जोरात हाकणं हाच गुन्हा. सायकलला मागे दिवा सक्तीचा केलात की ही जबाबदारी गुपचूप सरकते. उद्या वाऱ्यानं दिवा विझला, तो पाठीमागे असल्यामुळे सायकलवाल्याला कळलंही नाही आणि मोटारीनं उडवलं, तर कोर्टात चूक कोणाची? जो मेला त्याची. आणि मग रस्त्यानं चालणाऱ्या माणसानंही पाठीला दिवा बांधायचा का?

आपल्या भाषेत हा वाद एका क्रियापदात मावतो. अपघातानंतर गाडीवाला काय सांगतो? ‘अंधारात सायकल दिसली नाही.’ ‘मी बघितलं नाही’ असं कोणी म्हणत नाही. ‘दिसली नाही’ म्हटलं की बघणारा वाक्यातून गायब होतो आणि न दिसण्याचा दोष सायकलकडे जातो. स्टॅन्सर यांचं भांडण या गायब होण्याशी होतं.

१९२७ साली तडजोड झाली: मागे लाल दिवा लावा, नाहीतर लाल परावर्तक, म्हणजे आपण ज्याला रिफ्लेक्टर म्हणतो तो. पुढे १९३०च्या दशकात मडगार्डचं शेपूट पांढरं करण्याचा नियम आला. विझत नाही, बॅटरी लागत नाही, उजेड पाडण्याचं काम मागच्यानं करायचं. मला विचाराल तर या सगळ्या भांडणातली ही सर्वात शहाणी तडजोड होती. ती टिकली नाही.

सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध सुरू झालं आणि ब्रिटनमध्ये ब्लॅकआउट लागला. रस्त्यावरचे दिवे बंद, मोटारींच्या दिव्यांना झापडं. मोटारीचा उजेडच झाकला म्हटल्यावर रिफ्लेक्टर चमकणार कशानं? १९३८मध्ये ब्रिटिश रस्त्यांवर ६,६४८ माणसं मेली होती. १९४१मध्ये ९,१६९. पेट्रोलचं रेशनिंग होतं, मोटारी कमी धावत होत्या, तरीही. ब्लॅकआउटमध्ये सायकलला मागचा दिवा सक्तीचा झाला आणि १९४५ साली कायद्यानं ती सक्ती कायम केली. स्टॅन्सर त्याच वर्षी सचिवपदावरून गेले. भांडण मिटलं, पण पांढरा पट्टा राहिला. ब्रिटिश सायकलींच्या बनावटीवरच आपले कारखाने उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर तो पट्टाही आला. आपण त्याच्यावर सुबक अक्षरांत नावं लिहिली.

दिव्याचा कायदाही आपल्याकडे ब्रिटिशांबरोबरच आला आणि पोलिसांनी तो मनापासून राबवला. सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात ‘डबलसीट’ आणि ‘विनादिवा’ हे दोन गुन्हे घराघरात ठाऊक होते. पोलिसानं अडवून चाकातली हवा सोडली, ही आठवण जुन्या पुणेकरांकडून हमखास ऐकायला मिळते. पकडलं जायचं ते पुढच्या दिव्यावरून. मागच्यासाठी रिफ्लेक्टर आणि पांढरं शेपूट एवढंच बहुतेकांकडे असायचं.

मग एलईडी आला. लाल एलईडी १९६०च्या दशकापासून होता, म्हणून उघडझाप करणारे मागचे दिवे आधी आले, १९९०च्या आसपास. पुढच्या दिव्याला पांढरा उजेड हवा आणि त्यासाठी निळा एलईडी लागतो. तो जपानच्या शुजी नाकामुरांनी १९९३मध्ये भरपूर तेजाचा करून दाखवला. आकासाकी आणि आमानो यांच्यासह त्यांना २०१४चं नोबेल मिळालं. एका नखाएवढ्या तुकड्यातून कार्बाइडला लाजवेल असा उजेड निघू लागला आणि प्रश्न उलटा झाला. आता उजेड कमी पडत नाही, तो जातो कुठे, ते बघावं लागतं.

इथे जर्मनीकडून शिकण्यासारखं आहे. तिथे २०१३पर्यंत साधारणपणे डायनॅमोच सक्तीचा होता. मग बॅटरीला परवानगी मिळाली, पण पुढच्या दिव्याची जुनी शिस्त राहिली: १० मीटरवर किमान १० लक्स आणि झोताला वरून सरळ कापलेली कड. कडेच्या खाली रस्ता, वर जवळपास अंधार, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत झोत जात नाही. लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड आणि लक्स म्हणजे एखाद्या जागी प्रत्यक्ष पडणारा. आपल्या बाजारात मिळणारे बहुतेक दिवे टॉर्चसारखे गोल झोत टाकतात. त्यांचा निम्मा उजेड झाडांवर आणि समोरून येणाऱ्याच्या तोंडावर. त्यापेक्षा कड असलेला, लुमेनचा आकडा लहान असलेला दिवा रस्ता जास्त दाखवतो. तो हँडलच्या खाली, फोर्कजवळ लावला तर खड्ड्यांच्या सावल्या लांब पडतात आणि खड्डा आधी कळतो. हेल्मेटवरचा दिवा डोळ्यांच्याच रेषेत असतो, त्यामुळे सावल्या पुसल्या जातात आणि रस्ता सपाट भासतो.

मागच्या दिव्याबद्दल मात्र एक प्रयोग सांगायलाच हवा. डेन्मार्कच्या ओडेन्स शहरात नोव्हेंबर २००४पासून वर्षभर ३,८४५ सायकलस्वारांवर नजर ठेवली गेली. त्यांतल्या साधारण निम्म्यांच्या सायकलींना दिवसरात्र चालू राहणारे दिवे लावले होते. स्पोकला चुंबक, फोर्कला वेटोळं, ना बॅटरी ना घर्षण. दिवेवाल्यांना इजा झालेल्या अपघातांचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी निघालं. दिव्याचा उपयोग होतो यात शंका नाही. स्टॅन्सरही तसं म्हणत नव्हते. दिवा नव्हता म्हणून मेला, हे वाक्य त्यांना नको होतं.

आपल्या केंद्र सरकारनं २०२० साली सायकलच्या रिफ्लेक्टरसाठी गुणवत्तेचा आदेश काढला. नव्या सायकलवर तो दिसला तर काढून फेकू नका. पेडलवरचे तर मुळीच नाही, कारण वर-खाली होणारे दोन ठिपके दिसले की तिथे माणूस पाय मारतोय हे लांबूनही चटकन कळतं. पण रिफ्लेक्टरला मागून उजेड लागतो. विनादिव्याचा ट्रॅक्टर आणि आडव्या गल्लीतून येणारी रिक्षा यांच्यापुढे तो आंधळा आहे. म्हणून मागे लाल दिवाही लावा, आणि माझ्या मते स्थिर. उघडझाप चटकन नजरेत भरते, पण सायकल किती लांब आहे याचा अंदाज त्यात चुकतो. ब्रिटनमध्ये उघडझाप कायदेशीर व्हायला २००५ उजाडलं. जर्मनीत ती अजूनही चालत नाही.

दिवा लावून झाला की एक काम करा. रात्री मित्राला तुमच्या सायकलवर बसवा, सॅक पाठीला, जॅकेट अंगात, रोज जाता तसंच. तुम्ही दुसऱ्या सायकलवरून शंभर पावलं मागे राहा आणि दिवा सॅकखाली झाकला जातोय का, खाली रस्त्याकडे वळलाय का, ते बघा. चालवणाऱ्याला आपला मागचा दिवा आजही दिसत नाही.