मल्टिटेबलिंग (पोकर)

ऑनलाइन पोकरमध्ये एकाच खेळाडूने एकाच वेळी दोन किंवा अधिक टेबलांवर खेळणे म्हणजे मल्टिटेबलिंग होय. कॅसिनोत पत्ते पिसणे, वाटणे व रक्कम मोजणे यांत वेळ जात असल्याने तासाला साधारण २५ ते ३० डाव होतात. संगणकावर हीच कामे आपोआप होत असल्याने एका टेबलावर ६० ते ८० डाव होऊ शकतात. तरीही सावध खेळाडू बहुतेक डावांत पहिल्याच फेरीत पत्ते टाकतो आणि नंतर नुसता बसून राहतो. हा रिकामा वेळ इतर टेबलांवर वापरणे, हा या पद्धतीचा पाया आहे.

नफ्याचे गणित

पोकरमधील नफा दर १०० डावांमागे किती बिग ब्लाइंड (डावाआधी लावावी लागणारी मोठी सक्तीची पैज) मिळाले, यावर मोजतात. समजा, एका टेबलावर तासाला ७० डाव खेळून खेळाडू शंभरामागे ५ बिग ब्लाइंड मिळवतो. त्याची तासाची कमाई ३.५ बिग ब्लाइंड झाली. आठ टेबलांवर लक्ष विभागून हा दर २ वर घसरला, तरी ५६० डावांत ११.२ बिग ब्लाइंड मिळतात. मात्र हा युक्तिवाद मुळात जिंकणाऱ्यालाच लागू पडतो. दर शून्याखाली गेला, की तोटाही टेबलांच्या संख्येबरोबर वाढतो. शिवाय संकेतस्थळ डावांतून रेक कापून घेते (जुगाराच्या अड्ड्यावर हिलाच नाल म्हणतात). निसटता नफा त्यातच संपू शकतो.

टेबले पडद्यावर शेजारी शेजारी मांडतात किंवा एकावर एक रचतात. दुसऱ्या प्रकारात निर्णयाची वेळ आलेले टेबल आपोआप वर येते. प्रतिस्पर्ध्यांचे निरीक्षण करण्यास सवड नसल्याने पोकरट्रॅकरसारख्या आज्ञावलींच्या आकडेवारीवर विसंबावे लागते. खेळ ठरावीक साच्याचा होतो व चाणाक्ष प्रतिस्पर्धी त्याचा फायदा घेतात.

विक्रम व निर्बंध

अमेरिकन खेळाडू रँडी ल्यू यांनी जानेवारी २०१२ मध्ये बहामा येथे आठ तासांत २३,४९३ डाव खेळून गिनेस विक्रम नोंदवला. विक्रमासाठी शेवटी नफ्यात राहणे आवश्यक होते. तो अवघा ७.६५ डॉलर होता.

पोकरस्टार्सवर एकेकाळी २४ टेबलांपर्यंत मुभा होती. २०१९ मध्ये रोख खेळांसाठी ही मर्यादा ४ टेबलांवर आणली गेली. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली असून त्यात पोकरचाही समावेश होतो.