खारघर व्हॅली गोल्फ कोर्स

खारघर व्हॅली गोल्फ कोर्स हे नवी मुंबईतील खारघर (तालुका पनवेल, जिल्हा रायगड) येथे डोंगरपायथ्याशी असलेले सार्वजनिक गोल्फ मैदान आहे. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडको या शासकीय महामंडळाने ते विकसित केले. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आल्यानंतर पालघर–बोईसर मार्गावरील कोळगाव येथे जिल्हा मुख्यालयाचे संकुलही याच महामंडळाने उभारले.

भूरचना

मैदानाच्या मागे खारघरच्या बेसाल्ट खडकाच्या डोंगररांगा असून त्यांवर पानझडी वन आहे. पावसाळ्यात या उतारांवरून असंख्य ओहोळ वाहतात. त्यांपैकी पांडवकडा हा सुमारे १०७ मीटर उंचीचा धबधबा प्रसिद्ध आहे. मात्र तेथे बुडून झालेल्या मृत्यूंमुळे पावसाळ्यात प्रवेशबंदी केली जाते. डोंगरमाथ्यावर फणसवाडी व चाफेवाडी हे आदिवासी पाडे आहेत. चार महिने मुसळधार पाऊस आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे, अशा कोकणी हवामानात हिरवळ वर्षभर राखणे हे अशा मैदानापुढील खरे आव्हान होय.

रचना

आराखड्यानुसार मैदानाचे क्षेत्र सुमारे १०३ हेक्टर आहे. प्रारंभी ११ होलचे मैदान खुले करण्यात आले व पुढे १८ होलपर्यंत विस्ताराचे काम हाती घेण्यात आले. गोल्फमध्ये ‘होल’ म्हणजे केवळ १०८ मिलिमीटर व्यासाचा खळगा नव्हे, तर चेंडू प्रथम टोलवण्याच्या जागेपासून त्या खळग्यापर्यंतचा संपूर्ण पट्टा. एवढ्या जमिनीची गरज त्यामुळेच भासते. १८ ही संख्या स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे १७६४ साली झालेल्या बदलातून रूढ झाली.

सार्वजनिक स्वरूप

मुंबईतील विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब (१९१८) व चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब (१९२७) या सभासदांच्या संस्था आहेत. खारघरचे मैदान शासकीय मालकीचे असून शुल्क भरून कोणासही खेळता येते. हा फरक महत्त्वाचा आहे, तथापि खेळाची साधने महाग असल्याने ‘सार्वजनिक’ या शब्दाला व्यवहारात मर्यादा पडतात.

नेरुळचा प्रस्ताव

नेरुळ–सीवूड्स येथील पाणथळीवर गोल्फ कोर्स व निवासी संकुल उभारण्याचा सिडकोचा प्रस्ताव हा खारघरहून वेगळा आहे. बातम्या वाचताना दोहोंची गल्लत होऊ नये. ही पाणथळ रोहित पक्ष्यांचे विश्रांतिस्थान म्हणून ओळखली जाते. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये नागरिकांच्या याचिकेवर या प्रस्तावाविरुद्ध निर्णय दिला. त्यानंतर हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.