कर्करोग-प्रतिमानिदान तज्ज्ञांच्या संघटना

क्ष-किरण, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय आणि पेट या तंत्रांनी कर्करोगाचा शोध घेणे, त्याचा प्रसार कुठवर झाला ते पाहणे आणि उपचारांनी तो हटतो आहे की नाही याचे मोजमाप करणे, हे प्रतिमानिदान तज्ज्ञाचे काम होय. अशा डॉक्टरांच्या व्यावसायिक संघटनांशी रुग्णाचा थेट संबंध कधी येत नाही; तथापि त्याच्या अहवालातील शब्दांचा अर्थ बव्हंशी या संघटनांच्या बैठकांतून ठरलेला असतो.

प्रभादेवी (२०१८ पर्यंतचे एल्फिन्स्टन रोड) स्थानकात उतरून परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाकडे जाणाऱ्यांत बाहेरगावचे रुग्ण पुष्कळ. त्यांच्या पिशवीत सोलापूरला किंवा नांदेडला काढलेला सीटी स्कॅन असतो. येथील डॉक्टरांना तो काही महिन्यांनंतरच्या दुसऱ्या स्कॅनशी ताडून पाहावा लागतो. पहिल्याने गाठ एका रीतीने मोजली आणि दुसऱ्याने निराळ्या, तर ती वाढली की घटली हे सांगणार कोण? केमोथेरपीचे चालू औषध पुढे द्यायचे की बदलायचे, हे तर त्या उत्तरावरच ठरायचे असते.

या अडचणीतून ‘रेसिस्ट’ निकष जन्माला आले. युरोप, अमेरिका व कॅनडातील कर्करोग संस्थांनी ते २००० मध्ये प्रसिद्ध केले आणि २००९ मध्ये सुधारले. मोजमापासाठी जास्तीत जास्त पाच गाठी निवडायच्या, एका अवयवातील दोनपेक्षा अधिक नाहीत, आणि त्यांच्या सर्वाधिक व्यासांची बेरीज करायची (लसिकाग्रंथींचा मात्र आखूड व्यास धरतात). मूळ बेरीज ३० टक्के वा अधिक घटली तर ‘अंशतः प्रतिसाद’. उपचारकाळातील सर्वांत लहान बेरजेपेक्षा ती २० टक्क्यांनी आणि किमान ५ मिलिमीटरने वाढली, अथवा नवी गाठ उद्भवली, तर ‘रोग बळावला’. अधले-मधले ते ‘स्थिर’. म्हणजे १०० मिलिमीटरची बेरीज ८० वर आली तरी अहवालात ‘स्थिर’ असेच येते आणि घरची मंडळी हिरमुसतात. वस्तुतः तेथे गाठी आक्रसलेल्याच असतात. शब्दाचा हा तांत्रिक अर्थ त्यांना समजावून सांगण्याइतकी उसंत बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत क्वचितच मिळते.

स्तनांच्या तपासणीसाठी अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने १९९३ मध्ये ‘बाय-रॅड्स’ ही वर्गवारी दिली; ती आता शून्य ते सहा अशी आहे. ‘तीन’ म्हणजे बहुधा निरुपद्रवी, काही महिन्यांनी पुन्हा पाहावे. ‘चार’ म्हणजे गाठीचा तुकडा तपासावा. पुरःस्थ ग्रंथीसाठी युरोपीय तज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये ‘पाय-रॅड्स’ आणले.

केवळ कर्करोगाच्या प्रतिमांना वाहिलेली मोठी संघटना म्हणजे इंटरनॅशनल कॅन्सर इमेजिंग सोसायटी. तिचे ‘कॅन्सर इमेजिंग’ हे नियतकालिक २००० पासून निघते. आपल्याकडे इंडियन रेडिओलॉजिकल अँड इमेजिंग असोसिएशन ही सर्व क्ष-किरणतज्ज्ञांची मातृसंस्था, तर किरणोत्सर्गी द्रव्ये वापरून निदान करणाऱ्यांची सोसायटी ऑफ न्यूक्लिअर मेडिसिन, इंडिया.

या दुसऱ्या शाखेत परळचे स्थान मानाचे आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून कार्यरत असून देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये तेथेच सुरू झाले. पेट तपासणीत रुग्णाला फ्लोरिन-१८ जोडलेली शर्करा टोचतात. या फ्लोरिनची किरणोत्सारिता सुमारे ११० मिनिटांत निम्मी होते, त्यामुळे दूरच्या शहरातून ते मागवून साठवून ठेवणे शक्य नसते.

कर्कपेशी शर्करा अधाशीपणे शोषतात, म्हणून त्या चित्रात उजळून दिसतात. पण क्षयाने सुजलेली लसिकाग्रंथीही तशीच उजळते! क्षय विरळ असलेल्या देशात तयार झालेली अनुमाने मुंबईत जशीच्या तशी लावली, तर साध्या क्षयालाही पसरलेला कर्करोग समजण्याचा धोका संभवतो. पाठ्यपुस्तक बाहेरचे असले तरी चालेल, पण वाचनाचा सराव इथल्या रुग्णांवरचाच हवा. स्थानिक तज्ज्ञांनी आपल्याकडील फसवी उदाहरणे एकमेकांपुढे मांडणे हेच अशा संघटनेचे खरे काम, आणि परिषदांतील बक्षीस समारंभांपेक्षा ते कितीतरी मोलाचे मानावे लागेल.

संघटनेला कायद्याचे अधिकार नसतात. डॉक्टरांची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडे असते, किरणोत्सर्गाच्या सुरक्षिततेवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. एखाद्याने ठरलेले निकष डावलून मोघम अहवाल लिहिला, तर संघटना त्याला फारशी अडवू शकत नाही. अशा वेळी उपयोगी पडतो तो मूळ स्कॅनच. कागदावरील निष्कर्षाबरोबर सर्व प्रतिमांची सीडी मागून घेतली आणि जुनी टाकून दिली नाही, तर दुसऱ्या तज्ज्ञाला त्याच गाठी नव्याने मोजता येतात.