सालबर्डीचं ऊन पाणी आणि चार काळांचे चार प्रश्न

मे महिन्यात अकोल्यात दुपारी नळ सोडला की हात चटकतो. त्यामुळे ‘जमिनीतून निघणारं गरम पाणी’ हा माझा विषय आहे म्हटलं, की समोरचा हसतो. ‘आमच्या टाकीवर ये ना बाप्पा!’ पण टाकीतलं पाणी वरून, सूर्यानं तापतं. आपण बोलणार आहोत ते पाणी खालून तापतं. आणि ते बघायला कोकणात जायची गरज नाही. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेवर, माडू नदीकाठी सालबर्डी आहे. महाशिवरात्रीच्या जत्रेमुळे वऱ्हाडात हे गाव सगळ्यांना माहीत असतं. तिथल्या गरम झऱ्याकडे मात्र इतिहास म्हणून आपण फारसं बघत नाही.

या पाण्याला वेगवेगळ्या काळात वेगवेगळे प्रश्न विचारले गेले. पहिला प्रश्न लोकांचा: हे पाणी कोणासाठी निघालं? उत्तर, सीतेसाठी. वनवासात ती इथं राहिली, अशी कथा. इंग्रजांच्या गॅझेटियरला वेगळं कुतूहल होतं. गरम आणि थंड असे दोन झरे शेजारी शेजारी आहेत, आणि गरम पाण्यात गंधक असल्यानं ते आजारांवर चालतं असा समज आहे, अशी नोंद त्यात सापडते. म्हणजे दुसरा प्रश्न: हे पाणी कशावर गुणकारी?

तिसरा प्रश्न भूवैज्ञानिकांचा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी देशभरातल्या गरम झऱ्यांची यादी जमवली. ते 1878 मध्ये वारले. मुलगा रिचर्ड यानं ती पूर्ण करून 1882 मध्ये छापली. झरे तीनशेच्या आसपास. याच रिचर्डनं पुढे 1906 मध्ये भूकंपाच्या लहरींवरून पृथ्वीला गाभा असल्याचं दाखवलं. यादीचं महत्त्व हे, की झरे एकेकटे न राहता नकाशावर आले आणि त्यांच्या रांगा दिसू लागल्या. कोकणातली उन्हवरे ते राजापूर ही अशीच एक रांग. दुसरी नर्मदा-तापीच्या पट्ट्यात. सालबर्डी या दुसऱ्या रांगेच्या दक्षिण कडेला येतं.

आता मला हमखास विचारला जाणारा प्रश्न: खाली ज्वालामुखी आहे का? नाही. आपला काळा दगड लाव्हाचाच, पण तो साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. तो केव्हाच निवला. मग उष्णता कुठली? पृथ्वीच्या पोटातली, नेहमीची. एक किलोमीटर खाली गेलं की तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढतं. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं, हलकं होतं आणि दाबाखाली दुसऱ्या भेगेतून वर येतं. साधा हिशेब करा: उथळ विहिरीचं पाणी 27 अंशांचं धरलं, तर 40 अंशांच्या झऱ्याचं पाणी निदान अर्धा किलोमीटर खाली जाऊन आलेलं असणार. वर येताना ते थोडं निवतं, म्हणजे प्रत्यक्षात अजून खोल.

भेग मात्र हवी. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी गाविलगडचा मोठा प्रस्तरभंग आहे. तिथं जमीन तुटून वरखाली सरकली आहे. म्हणूनच सालबर्डीला काळ्या दगडाच्या खालचे जुने थर उघडे पडलेत. त्यांतल्या लामेटा थरात डायनोसॉरचे अवशेषही मिळालेत. ज्या तुटीनं ते थर वर आणले, तशाच तुटींतून पाण्याला वाट मिळते.

मग अकोल्यात झरा का नाही? पूर्णेच्या खोऱ्यात शेकडो मीटर जाडीचा गाळ साचलाय. खालचा दगड तुटलेला असला तरी वर झाकण बसलंय. आपल्या वाट्याला आला तो खारपाणपट्टा.

चौथा प्रश्न ऊर्जेचा. 1966 मध्ये केंद्र सरकारनं गरम झऱ्यांसाठी समिती नेमली. 1973 च्या तेलसंकटानंतर लडाखमधल्या पुगासारख्या ठिकाणांकडे लक्ष वाढलं. त्या मानानं सालबर्डीचं पाणी कोमटच; वीजनिर्मितीच्या चर्चेत ते मागे पडणारच.

पण आपल्या काळाचा पाचवा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो: हे पाणी टिकेल का? मोर्शी-वरुड हा संत्र्याचा पट्टा. भूजल खाली जातंय आणि बोअर खोल होतायत. झऱ्याला लागतो तो दाब. आजूबाजूच्या बोअरनं तीच भेग गाठली, तर दाब उतरेल आणि झरा गपचूप आटेल. थंड पाणी मिसळलं, तर आधी तो निवेल. हे कळायला दरवर्षी, त्याच महिन्यात, त्याच जागी तापमान आणि प्रवाह मोजायला हवा. एक तापमापक, एक बादली आणि एक वही पुरे. ओल्डहॅम बापलेकांनी केलं ते शेवटी नोंदींचंच काम होतं.

सीतेची कथा सांगणाऱ्यांनी हा झरा पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवला. तो गरम होता याचा सगळ्यात जुना पुरावा कदाचित तीच कथा असेल. पुढच्यांसाठी आपण निदान आकडे तरी ठेवून जाऊ.