हा चार्ली चॅन कोण?

तारीख १५ मे १९५३, वार शुक्रवार, गाव टोरोंटो. यंग स्ट्रीटवर ट्रामचा खडखडाट चालू आहे. या रस्त्याखालून जाणारी भुयारी रेल्वे सुरू व्हायला अजून दहा महिने आहेत आणि लंडनमध्ये नव्या राणीच्या राज्याभिषेकाला अठरा दिवस. तुम्ही शूटर स्ट्रीटवर वळता. समोर लाल विटांची जुनी इमारत, मॅसी हॉल. शेतीची अवजारं बनवून श्रीमंत झालेल्या हार्ट मॅसीनं १८९४ मध्ये ती गावाला बांधून दिली.

तिकीट खिडकीवर रांग नाही, आणि हेच तुम्हाला खटकतं. तुम्ही ज्या काळातून आलात तिथे या रात्रीच्या रेकॉर्डवर ‘जगातली सर्वश्रेष्ठ जाझ मैफल’ असं छापून झालंय. आत पावणेतीन हजार माणसं मावतात. तुम्ही डोकावून बघता तर निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. कारण साधं आहे. आजच शिकागोत रॉकी मार्सियानो आणि जर्सी जो वॉलकॉट यांची जागतिक हेवीवेट लढत आहे. मैफल ठरवणारी मंडळी म्हणजे ‘न्यू जाझ सोसायटी’ची तरणीताठी पोरं. न्यूयॉर्कला जाऊन पाच दिग्गजांना एकत्र आणायची हिंमत त्यांच्यात होती. तारखेचं मात्र त्यांचं नशीब फुटकं निघालं.

अरुंद लाकडी खुर्चीत गुडघे कसेबसे कोंबून बसा. वर मूरिश घाटाच्या कमानी आहेत, त्या नंतर बघा. शेजारी दोन पोरं बसलीत, एक चष्मेवाला आणि एक उंच. दोघांच्या बोलण्यावरून कळतं की त्यांनी खाऊच्या पैशांतून रेकॉर्डी जमवल्यात. जीभ आवरून बसा, एवढंच सांगणं. आज सॅक्सोफोन वाजवणारा चार्ली पार्कर बावीस महिन्यांत, ३५ वर्षांचाही न होता जाणार, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना नाही. ती आज तुमच्यापेक्षा सुखी आहेत, आणि बहुधा तुमच्यापेक्षा चांगलं ऐकणारही.

दोघांचा एक खेळ चाललाय.

“‘हॉट हाउस’च्या खाली काय?” चष्मेवाला विचारतो.

“कोल पोर्टर. ‘व्हॉट इज धिस थिंग कॉल्ड लव्ह’. हे लहान पोरसुद्धा सांगेल. ‘ऑर्निथॉलॉजी’च्या खाली?”

“‘हाउ हाय द मून’. ‘को-को’?”

“‘चेरोकी’.”

हे ‘खाली’ प्रकरण समजलं की बीबॉप या जाझच्या प्रकाराचा अर्धा गुंता सुटतो. अमेरिकी नाटक-सिनेमातलं एखादं चालतं गाणं घ्यायचं, त्याची चाल काढून टाकायची, कॉर्डची चौकट तेवढी ठेवायची आणि तिच्यावर स्वतःची नवी, वाकडीतिकडी, धावती चाल बसवायची. मग तिला नवं नाव द्यायचं. यात कलेइतकाच हिशेबही होता. कायदा चालीवर मालकी मानायचा, कॉर्डच्या क्रमावर नाही. नवी चाल म्हणजे नवी मालकी, आणि जुन्या गाण्याच्या प्रकाशकाला मानधन द्यायची गरज नाही. १९४५च्या नोव्हेंबरात ‘को-को’चं ध्वनिमुद्रण चालू असताना पहिल्या टेकमध्ये वादक सरळ ‘चेरोकी’च्या मूळ चालीवर घसरले आणि तो टेक तिथेच थांबवला गेला. तो अर्धवट टेक पुढे छापून विकला गेला. रसिकांना अशा गोष्टींचं वेड असतं. आपल्या नाट्यसंगीतात व्यवहार नेमका उलटा होता. तिथे ठुमरीची किंवा बंदिशीची चाल जशीच्या तशी उचलून वर मराठी पद चढवायचे. इथे चालच उडवायची आणि जमीन ठेवायची.

“‘वी’चं सांग,” उंच पोरगा म्हणतो.

“‘आय गॉट रिदम’. पण ती ‘ॲलन्स ॲली’ नावानंही निघालीय.”

“मग नाव कुठलं खरं?”

“रेकॉर्डवर छापलंय ते.”

इथे तुम्हाला हसू येईल. याच पार्करची एकच रचना ‘थ्रायव्हिंग ऑन अ रिफ’ म्हणूनही फिरली आणि ‘अँथ्रोपॉलॉजी’ म्हणूनही. ‘डॉना ली’वर पार्करचं नाव पडलं, पण ती माइल्स डेव्हिसची. ‘मूस द मूच’ हे पार्करला गर्द पुरवणाऱ्याचं टोपणनाव. ‘रिलॅक्सिन ॲट कॅमरिलो’मधलं कॅमरिलो हे त्याला डांबलेलं मनोरुग्णालय. शीर्षकं वाचत गेलात तर त्या माणसाचं आयुष्य आपोआप उलगडत जातं, आणि ते फार सुखाचं वाचन नाही.

पहिल्यांदा टोरोंटोच्याच वादकांचा मोठा बँड वाजवतो. टाळ्या सभ्य. मग पाच जण येतात.

डिझी गिलेस्पी ट्रम्पेट घेऊन, वय ३५, पाचांत वडीलधारा. ड्रमवर मॅक्स रोच. बासवर चार्ल्स मिंगस, ३१ वर्षांचा. पियानोवर बड पॉवेल. तो नुकताच मनोरुग्णालयातून बाहेर आलाय. १९४५ मध्ये पोलिसांनी त्याच्या डोक्यावर दंडुके हाणले होते, मग विजेचे झटके देण्याचे उपचार झाले. आज बर्डलँड क्लबचा व्यवस्थापक त्याचा पालक म्हणून सोबत आलाय. आणि पार्कर. त्याच्या हातात पांढरट रंगाचं काहीतरी आहे.

“ते खेळणं आहे का?” मागच्या रांगेतून कुणीतरी पुटपुटतं.

तो ग्राफ्टन आहे, इंग्लंडमध्ये बनलेला प्लास्टिकचा आल्टो सॅक्सोफोन, बटणं आणि दांड्या पितळी. हाच सॅक्सोफोन १९९४ मध्ये लंडनच्या क्रिस्टीजमध्ये ९३,५०० पौंडांना जाईल आणि शेवटी पार्करच्या गावी, कॅन्सस सिटीच्या संग्रहालयात ठेवला जाईल. हे मनातच ठेवा. मागच्या माणसाला सांगितलंत तर तो तुम्हाला वेडा ठरवेल.

‘परडिडो’ सुरू होतं. ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधल्या ह्वान टिझोलची ही चाल या पोरांना तोंडपाठ आहे, त्यामुळे पहिल्याच फेऱ्यात हॉल सैलावतो. मग पार्कर सुटतो. प्लास्टिकच्या त्या खेळण्यातून निघणारा आवाज टोकदार, सडेतोड आणि भरदार आहे. सुरावटी अशा येतात की एक समजेपर्यंत तिसरी निघून जाते. चष्मेवाला तोंड उघडं टाकून बसलाय. त्याच्या घरी हा माणूस ७८च्या तबकडीवर तीन मिनिटांत बंदिस्त असतो. तीन मिनिटांत चाल, दोघांचे सोलो, पुन्हा चाल, संपलं. इथे घड्याळ नाही. पार्कर एक फेरा घेतो, दुसरा, तिसरा, आणि कुणी लाल दिवा लावून त्याला थांबवत नाही.

त्याच्यावरून आठवलं. त्या काळात डीन बेनेडेटी नावाचा एक चाहता होता. पार्कर जिथे वाजवेल तिथे रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन जायचा, पार्करचा सोलो आला की यंत्र चालू, संपला की बंद. बाकीचे त्याच्या लेखी नव्हतेच. मला हा माणूस आवडत नाही. पियानो आणि ड्रमशिवायचा पार्कर म्हणजे प्रश्न गाळलेली उत्तरपत्रिका. पण असे माथेफिरू नसते तर आज आपल्याकडे निम्मंच संगीत उरलं असतं, हेही खरं. १९४२च्या ऑगस्टपासून अमेरिकी वादकांच्या संघटनेनं ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला होता आणि नेमक्या त्याच काळात बीबॉप घडत होतं. ते घडताना कसं वाजत होतं याची फारशी रेकॉर्डच नाही.

पुढचं गाणं पार्कर स्वतः जाहीर करतो. आवाज सभेतल्या अध्यक्षासारखा गंभीर. ही रचना आपल्या सन्माननीय सहकाऱ्याची, असं तो म्हणतो आणि गिलेस्पीचं नाव घेतो. प्रेक्षक हसतात. हा मित्रप्रेमाचा विनोद होता की टोमणा, यावर पुढची सत्तर वर्षं रसिकांची भांडणं होणार आहेत. तुम्ही प्रत्यक्ष हजर आहात, तर चेहरे बघून ठरवा. माझा कौल टोमण्याकडे. गिलेस्पी रंगमंचावर सतत नकला करतोय, ‘सॉल्ट पीनट्स’च्या ठेक्यात मध्येच ओरडतोय, लोक खिदळतायत, आणि पार्करला ते सोसत नाही. त्याचं उत्तर त्याच्या सोलोत आहे, जास्तच धारदार.

‘ऑल द थिंग्ज यू आर’ सुरू होताच उंच पोरगा कोपरानं ढोसतो. “ही सुरुवात यांचीच!” खरंय. जेरोम कर्नच्या १९३९च्या गाण्याला या दोघांनी १९४५च्या रेकॉर्डवर जी सुरुवात जोडली, ती आता सगळं जग त्या गाण्याचाच भाग समजून वाजवतं.

मध्यंतर. हॉलसमोरच्या ‘सिल्व्हर रेल’ बारकडे चला. दारूबाबत कडक असलेल्या या शहरात परवाना मिळालेल्या पहिल्या काही बारपैकी हा एक. वादक मंडळी लढत बघायला तिकडे गेली, असं सांगतात. लढत बघण्यासारखी फारशी नव्हतीच. मार्सियानोनं वॉलकॉटला पहिल्याच फेरीत, दोन मिनिटं पंचवीस सेकंदांत आडवं केलं. हॉल रिकामा ठेवून घरी बसलेल्या गावाला एवढंच मिळालं.

दुसऱ्या भागात रोच एकटा ड्रम वाजवतो आणि मग पॉवेल त्रयीत बसतो. त्यात ‘चेरोकी’ येतं तेव्हा चष्मेवाला विजयी नजरेनं मित्राकडे बघतो. खालचं गाणं आज वर आलंय. पॉवेलची बोटं कळपट्टीवर अशी पळतात की तो आजारी आहे हे कुणाला पटणार नाही. मात्र बास तुम्हाला नीट ऐकू येत नाही. मिंगस घाम गाळतोय, तारा ओढतोय, पण त्याचा आवाज मागच्या रांगांपर्यंत धूसर होऊन पोचतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग पुन्हा पाचही जण. ‘वी’, ‘हॉट हाउस’ आणि शेवटी ‘अ नाइट इन ट्युनिशिया’. हिचंही एक जुनं नाव आहे, ‘इंटरल्यूड’. त्या नावानं सॅरा वॉननं ती गायलीय. चाल संपून सोलो सुरू व्हायच्या आधी बाकीचे थांबतात आणि सॅक्सोफोनला चार मोजणीचे चार घास एकट्याला मिळतात. १९४६ मध्ये पार्करनं ती जागा अशी भरली की टेक बिघडला तरी कंपनीनं तेवढाच तुकडा ‘फेमस आल्टो ब्रेक’ नावानं छापला. शेजारची दोघं श्वास रोखून त्याच जागेची वाट बघतायत. तो येतो. तसाच नाही, वेगळा. चष्मेवाला क्षणभर गोंधळतो, मग हसतो.

मैफल संपल्यावर मागच्या खोलीत रंग उतरतो. तिकिटं खपली नाहीत, पैसे पुरत नाहीत. वादकांना चेक दिले जातात. आपला चेक वटला नाही, ही तक्रार गिलेस्पी पुढे कायम करत राहिला. मिंगस शहाणा. तो पैशांच्या बदल्यात रात्रभर चालू असलेल्या टेपची रिळं घेऊन न्यूयॉर्कला निघून जातो. ‘डेब्यू’ ही रेकॉर्ड कंपनी त्यानं आणि रोचनं आदल्याच वर्षी काढलीय.

तुम्हीही त्याच्या मागोमाग न्यूयॉर्कला जा. रिळं ऐकून मिंगसचं डोकं फिरलंय, कारण त्याचा स्वतःचाच बास टेपवर नीट आलेला नाही. तो स्टुडिओत बसतो, कानात टोरोंटोची मैफल, हातात बास, आणि त्या रात्रीच्या वादनावर नव्यानं वाजवून घेतो. आणखी एक अडचण आहे. पार्करचा करार दुसऱ्या कंपनीशी झालाय, त्यामुळे त्याचं नाव छापता येत नाही. त्यावर तोड म्हणजे सिनेमातला गुप्तहेर चार्ली चॅन. पार्करच्या सहचरीचं नावही चॅनच.

दहा इंची तबकडी टोरोंटोच्या दुकानात येते तेव्हा ती दोघं काउंटरवर भेटतात.

“चार्ली चॅन म्हणे! कोण फसणारे याला?”

“ते जाऊ दे. हा बास ऐक. किती स्वच्छ!”

“मी तिथेच होतो. त्या रात्री इतका बास नव्हता.”

“तू त्या प्लास्टिकच्या भोंग्याकडे बघत होतास. तुला कुठून ऐकू येणार?”

“तू तरी ऐकलास का?”

“रेकॉर्डवर आहे ना!”

दुकानदार दोघांनाही विचारतो, घेणार आहात की नुसतंच बोलणार?